सोडायचाच तर धरायचा कशाला?

नोव्हेंबरच्या थंडीत तळ्यावर बास मासा गरवायला, म्हणजे गळाने धरायला, का जातो आणि धरलेला परत का सोडतो, असं तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. हा प्रश्न मला दोन ठिकाणांहून येतो आणि दोन्हीकडचा रोख वेगळा असतो. इथे न्यू जर्सीत कुणा मराठी घरी जेवायला बसलं, की कुणीतरी म्हणतंच, "नोव्हेंबरात तळ्यावर? दिवसभर? घरात हीटर बंद पडलाय का?" आणि हर्णैहून आत्या फोनवर विचारते, "गरवलास ना? मग खाल्ला का नाहीस? सोडायचाच तर धरायचा कशाला?" पहिल्याचं उत्तर मी हौसेने देतो. आत्याचा प्रश्न अवघड आहे, तो मागाहून घेतो.

आधी मासा कुठला ते सांगायला हवं, कारण 'बास' म्हटलं की आपल्या लोकांच्या डोळ्यांपुढे जिताडा येतो आणि मग त्या बिचाऱ्यांना वाटतं, हा माणूस जिताडा सोडून देतो! लार्जमाऊथ बासचा जिताड्याशी संबंध नाही. हा उत्तर अमेरिकेच्या गोड्या पाण्यातला, सनफिशच्या कुळातला मासा. हिरवट अंग, कुशीवर काळसर पट्टा, आणि तोंड इतकं मोठं की जबड्याचं टोक डोळ्याच्याही मागे जातं. बेडूक, लहान मासे, झिंग्यासारखे क्रेफिश, जे तोंडात मावेल ते गिळतो.

मी जातो ते तळं म्हणजे लेक होपॅटकाँग, न्यू जर्सीतलं सर्वात मोठं. एकेकाळी इथे दोन लहान तळी होती. धरण बांधून ती एक झाली आणि मॉरिस कालव्याला पाणी पुरवू लागली. पेनसिल्व्हेनियाचा कोळसा त्या कालव्याने नुअर्कच्या दिशेने यायचा. कालवा १९२४ मध्ये बंद झाला, तळं राहिलं. उन्हाळ्यात तिथे गरवणं म्हणजे दादर स्टेशनवर आसन टाकून ध्यान लावणं. जेट स्की, स्पीडबोटी, प्रत्येक धक्क्यावर गाणी. २०१९ च्या उन्हाळ्यात शेवाळ इतकं माजलं की पाण्यात उतरू नका म्हणून सरकारला सांगावं लागलं. थँक्सगिव्हिंगच्या, म्हणजे नोव्हेंबर-अखेरच्या सणाच्या, सुमाराला मात्र बोटी पांढऱ्या प्लास्टिकात गुंडाळून काठावर चढलेल्या असतात, लाकडी धक्के काढून ठेवलेले असतात. बर्फाने काठाची बांधकामं मोडू नयेत म्हणून थंडीच्या तोंडावर तळ्याची पातळीही उतरवतात, आणि दर पाच वर्षांनी तर तब्बल पाच फूट. मग मे महिन्यात ज्या दगडांवर मासा असतो ते दगड उघडे पडतात. मी त्यांचे फोटो काढून ठेवतो. त्या फोटोंइतकं कामाचं पुस्तक मला दुकानात मिळालेलं नाही.

पण निवांतपणासाठी जातो असं म्हटलं तर ते अर्धवट होईल. निवांतपणा ग्रंथालयातही मिळतो आणि तिथे बोटं गारठत नाहीत. मी जातो ते त्या दिवसांत पाण्यात जे चालू असतं त्यासाठी.

उन्हाळ्यात अशा तळ्याचे दोन मजले होतात. वर ऊन खाल्लेलं हलकं पाणी, खाली थंड आणि जड. दोन्ही मिसळत नाहीत. खालच्या मजल्यावर नवा प्राणवायू पोचत नाही, असलेला कुजणाऱ्या पानापाचोळ्यात खर्ची पडतो, त्यामुळे मासा तिथे जाऊच शकत नाही. शरद सरत आला की वरचं पाणी थंड होतं, जड होतं, बुडू लागतं. एखाद्या वादळी वाऱ्याच्या दिवशी सगळं तळं ढवळून निघतं. तेव्हा पाणी गढूळ दिसतं, कधीकधी सडक्या अंड्यांचा वास येतो, आणि ते चार दिवस घरी बसलेलं बरं. पण एकदा ढवळणं झालं की तळापर्यंत प्राणवायू गेलेला असतो आणि वरपासून खालपर्यंत तापमान जवळजवळ सारखं असतं. पाणी सर्वात जड असतं ४ अंश सेल्सियसला. त्याहून थंड झालं की ते पुन्हा हलकं होऊन वर राहतं, म्हणून बर्फ वरून धरतो. मी जातो तेव्हा पाणी सात-आठ अंशांवर असतं. म्हणजे ढवळणं संपलेलं आणि बर्फ अजून आलेला नाही, अशी मधली थोडी फट.

या फटीत बासला सगळं तळं मोकळं असतं, आणि तरीही तो थोड्याच जागी सापडतो. थंड रक्ताचा प्राणी. पाणी गार झालं की त्याचं पचन मंदावतं, खाणं कमी होतं, उगाच हिंडणं परवडत नाही. जिथे उथळातून खोलात झटकन उतरता येतं अशा कड्यांपाशी हे मासे गोळा होतात. पाणवनस्पती मरून तपकिरी होत असतात आणि मरताना प्राणवायू खातात, पण कुठेतरी एखादा हिरवा पट्टा उरलेला असतो. तो सापडला तर निम्मं काम झालं. शिवाय एलवाइफ नावाची बारीक मासळी या तळ्यात आहे, आपल्या तारल्या-पेडव्यांची लांबची नातेवाईक. तिचे थवे ज्या खोलीवर, त्याच्या जवळपास बास.

दिवस लहान असतो, साडेचारला सूर्य बुडतो. सकाळी फार लवकर जाण्यात अर्थ नाही, गळाच्या काठीवर दोर ओवायच्या कड्यांत बर्फ धरतो आणि तो नखाने फोडत बसावं लागतं. मित्राची ॲल्युमिनियमची लहान होडी दहाच्या सुमाराला पाण्यात जाते. जूनमध्ये बासपुढून काहीही पळवलं तर तो निव्वळ चिडून झडप घालतो. नोव्हेंबरात त्याच्या नाकासमोर आणून ठेवावं लागतं. जिग म्हणजे शिशाचं डोकं असलेला गळ, तो तळाला टेकवून इंच-इंच ओढायचा. किंवा जर्कबेट, म्हणजे माशाच्या आकाराचं खोटं आमिष. दोन हिसके द्यायचे आणि थांबायचं. किती थांबायचं, तर अजिबात थांबवेनासं झालं की त्यापुढेही थोडं. ओढ बसली तर ती ओढ नसतेच. दोर जरा जड वाटतो, ओलं पान अडकल्यासारखा. बहुतेकदा ते पानच असतं. माझी सारी करमणूक या 'बहुतेकदा' शब्दात आहे. मनात तळ्याचा नकाशा मांडायचा, वारा कुठून, ऊन कुठे पडलंय, हिरवा पट्टा कुठे, आणि त्यावरून म्हणायचं, इथे असणार. दिवसातून एकदा जरी ते बरोबर निघालं तरी मला पुरतं. उन्हाळ्यात नशिबानेही मासा लागतो. या दिवसांत नशीब फारसं उपयोगी पडत नाही, आणि मला ते आवडतं.

एक गोष्ट मात्र गंमतीची नाही. या पाण्यात माणूस पडला तर पहिल्या क्षणी आपोआप मोठा श्वास ओढला जातो, आणि तोंड पाण्याखाली असेल तर तिथेच कारभार आटोपतो. थंड पाण्याबद्दल इथे १-१०-१ असं शिकवतात: एक मिनिट श्वास ताब्यात आणायला, दहा मिनिटं हातपाय नीट चालतील, आणि एक तासाच्या आसपास गारठून शुद्ध जाईल. शेजारच्या न्यूयॉर्क राज्यात १ नोव्हेंबर ते १ मे या काळात २१ फुटांहून लहान बोटीत प्रत्येकाने लाइफ जॅकेट अंगावर घालणं कायद्याने सक्तीचं आहे. मला कायद्याची गरज वाटत नाही. जॅकेट अंगात नसेल त्याला आमच्या होडीत जागा नाही, मग तो कितीही पोहणारा असो.

आता आत्या.

सोडण्याची सक्ती मला कुणी केलेली नाही. १५ एप्रिल ते १५ जून हा विणीचा काळ वगळला, की १२ इंचांहून मोठे पाच बास दिवसाला घरी नेता येतात. नेत नाही, त्याचं पहिलं कारण पारा. कोळसा जाळला की त्यातला पारा धुरावाटे हवेत जातो, पावसाबरोबर तळ्यात येतो, तिथले जीवाणू त्याचं विषारी रूप करतात, आणि लहान माशाला मोठा खातो तसतसा तो साठत जातो. बास या साखळीच्या वरच्या टोकाला. गरोदर बायका आणि मुलांनी तो खाण्याबद्दल राज्य सरकार दरवर्षी इशारा देतं. ज्या तळ्याच्या पाण्यावर कोळशाच्या होड्या चालल्या, तिथल्या माशात आता कोळशाचाच पारा, हे मला दरवेळी टोचतं. दुसरं कारण वय. इतक्या थंड मुलखात हा मासा हळू वाढतो. अठरा इंचांचा बास आठ-दहा वर्षांचा असू शकतो. एका जेवणासाठी दहा वर्षं फार झाली.

पण ही झाली न खाण्याची कारणं. न धरण्याची आत्याची बाजू त्याने खोडून निघत नाही. इथले लोक सोडण्याला जवळजवळ पुण्य मानतात. रे स्कॉट नावाच्या गृहस्थाने १९७२ मध्ये बासच्या स्पर्धांत जिवंत मासे परत सोडण्याची प्रथा आणली आणि ती देशभर रुजली. तळ्यात मासे टिकले हे खरं. माशाला मात्र कुणी विचारलेलं नाही. २००३ मध्ये लिन स्नेडन आणि सहकाऱ्यांनी ट्राउट माशाच्या डोक्यावर आणि तोंडाभोवती इजा टिपणारे मज्जातंतू दाखवून दिले. ती वेदना आपल्यासारखी असते का, यावर शास्त्रज्ञ अजून भांडतात. आणि गंमत बघा, सोडून द्यायच्या हेतूने मासा गरवणं स्वित्झर्लंडमध्ये कायद्याने मना आहे. खायचा असेल तर धर, नाहीतर त्याला त्रास देऊ नकोस. म्हणजे हर्णैच्या बंदरावर लिलावात उभी राहणारी माझी आत्या आणि स्विस सरकार यांचं एकमत आहे!

मग मी काय करतो? गळाचा उलटा काटा पक्कडीने दाबून टाकतो, म्हणजे तो सहज निघतो. हात ओले केल्याशिवाय माशाला लावत नाही, नाहीतर अंगावरचा बुळबुळीत थर जातो आणि त्याला रोग धरतो. पंचवीस फुटांहून खोल गरवत नाही, कारण खोलातून झटकन वर आणलेल्या बासचा पोटातला वायूचा फुगा फुगतो आणि त्याला पुन्हा खाली जाता येत नाही. हवा गोठणबिंदूच्या खाली असेल तर फोटोसाठी वर धरत नाही, नाजूक कल्ले आणि डोळे गोठतात. थंड पाण्यात प्राणवायू भरपूर असतो, त्यामुळे या दिवसांत सोडलेला मासा जगण्याची शक्यता उन्हाळ्यापेक्षा बरीच जास्त. तरी काही मरतातच.

हे सगळं मी आत्याला फोनवर सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं कळतंय तर जाऊ नकोस." यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही नाही. तडजोड म्हणून यलो पर्च नावाचे दुसरे मासे लागले तर त्यातले थोडे घरी आणतो. ते लहान असतात, पुष्कळ असतात, आणि कोकमाचं आगळ नि तिखट लावून रव्यात घोळवले की बोंबिलाची आठवण येऊ देत नाहीत. बास सोडतो. आणि पुन्हा जातो.