चारशे किलोमीटर, पण कुठून?

पहिल्याच गणितात माझा उपग्रह सेकंदाला ३१.६ किलोमीटर वेगाने सुटला. गणित अगदी साधं होतं. पृथ्वीच्या पृष्ठभागापासून ४०० किलोमीटर उंचीवर वर्तुळाकार कक्षेत फिरणाऱ्या उपग्रहाचा वेग काढा. सूत्र पाठ होतं, कॅल्क्युलेटर हाताशी होता. उत्तर आलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि मी पुढच्या गणिताला लागले.

शाळा सुटून बारा वर्षं झाली होती. एका परीक्षेसाठी भौतिकशास्त्र पुन्हा हातात घ्यावं लागलं आणि त्यातलं गुरुत्वाकर्षण मी 'सोपं' म्हणून आधी उघडलं. सूत्रं मोजून आठ-दहा. पाठ केली की झालं, असा हिशोब. धाकट्या बहिणीचा पदवीचा विषयच भौतिकशास्त्र. तिने वहीत डोकावलं आणि म्हणाली, "ताई, तुझा उपग्रह पृथ्वीच्या पोटात फिरतोय."

मला कळेना. ती म्हणाली, "अगं, ४०० किलोमीटर कुठून? सूत्रातलं अंतर केंद्रापासून असतं. पृथ्वीची त्रिज्याच ६,३७१ किलोमीटर आहे. तू केंद्रापासून ४०० वर ठेवलास त्याला. आणि पृथ्वीच्या ओढीतून कायमचं सुटायला लागणारा मुक्तिवेग सेकंदाला किती किलोमीटर?"

"११.२."

"मग ३१.६ ने पळणारा उपग्रह पृथ्वीभोवती थांबेल कशाला?"

हे मला जास्त लागलं. ११.२ हा आकडा झोपेतून उठवून विचारला असता तरी सांगितला असता. पण तो पाठ केलेला आकडा उत्तर तपासायला वापरायचा असतो, हे डोक्यातच आलं नव्हतं. ६,३७१ मध्ये ४०० मिळवून गणित पुन्हा केलं, वेग ७.६७ किलोमीटर प्रति सेकंद आला. एक फेरी साधारण साडेब्याण्णव मिनिटांची. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानक साधारण याच उंचीवर आहे आणि तेही दीड तासात पृथ्वीला फेरी मारतं, म्हणजे यावेळी उत्तराला साक्षीदार होता.

त्या दिवसापासून प्रत्येक गणिताच्या आधी एक आकृती. मोठं वर्तुळ, मध्ये ठिपका, ठिपक्यापासून उपग्रहापर्यंत रेघ. बालिश वाटायचं, पण 'उंची' आणि 'अंतर' या दोन शब्दांतली गल्लत त्या रेघेने थांबली. एककांच्या चुका मात्र बराच काळ पाठ सोडेनात. किलोमीटरचे मीटर करायचे विसरले की वेग सेकंदाला अडीच लाख मीटरच्या आसपास यायचा. तिथे निदान आकडाच ओरडून सांगतो.

दुसरी चूक जास्त लबाड होती. उंचीवर गेल्यावर गुरुत्व त्वरण (पडणाऱ्या वस्तूचा वेग दर सेकंदाला जितका वाढतो ते, जमिनीवर ९.८ मीटर प्रति सेकंद) किती कमी होतं, यासाठी एक सुटसुटीत सूत्र असतं: उंचीला त्रिज्येने भागायचं, दुप्पट करायची, एकातून वजा करायची आणि ९.८ ने गुणायचं. मी तेच सगळीकडे लावायला लागले. एका गणितात उंची पृथ्वीच्या त्रिज्येइतकी होती. एकातून दोन गेले, उत्तर आलं उणे ९.८. म्हणजे ६,३७१ किलोमीटर वर गेलं की पृथ्वी आपल्याला ओढायचं सोडून ढकलायला लागते! मी तेही लिहिलं होतं. खाली दोन रेघांसकट.

खरं तर ते सूत्र उंची त्रिज्येच्या मानाने अगदी थोडी असतानाच चालतं, आणि पुस्तकात ही अट इतक्या बारीक आवाजात सांगितलेली असते की ती कुणाला ऐकूच येत नाही. मूळ नियम वर्गाच्या व्यस्त प्रमाणाचा. केंद्रापासूनचं अंतर दुप्पट झालं, त्वरण चौथा हिस्सा, सुमारे २.४५. सूत्राची गरजच नव्हती. ही सवलतीची सूत्रं मी नंतर वहीतून खोडूनच टाकली.

याच ओघात आणखी एक समजूत गेली. अंतराळवीर तरंगतात ते तिथे गुरुत्वाकर्षण नसतं म्हणून, असं मी इतकी वर्षं मानत होते. ४०० किलोमीटरवरचं त्वरण काढून पाहिलं, ८.७ आलं. जमिनीवरच्या ९.८ च्या जवळपास नव्वद टक्के. मग तरंगतात कसे? स्थानक आणि माणूस दोघेही एकाच त्वरणाने पडत असतात, फक्त आडवा वेग एवढा असतो की पडता पडता जमीनही तितकीच वळत खाली जाते. न्यूटनने उंच डोंगरावरच्या तोफेची जी कल्पना मांडली होती (गोळा पुरेशा वेगाने आडवा सोडला तर तो पडत पडत पृथ्वीभोवतीच फिरत राहील), ती हीच. वाचताना गोष्टीसारखी वाटली होती. ८.७ हातात आल्यावर ती खरी वाटली.

त्यानंतर मी सूत्रांची यादी बाजूला ठेवली आणि एकच समीकरण मांडायचं ठरवलं: उपग्रहाला वर्तुळात फिरवायला लागणारं अभिकेंद्री बल दुसरं कुठून येणार, ते गुरुत्वाकर्षणातूनच येतं. दोन्ही बाजू समान ठेवल्या की उपग्रहाचं वस्तुमान दोन्हीकडून उडतं. "५०० किलोग्रॅम वस्तुमानाचा उपग्रह" असं वाचून मी आधी ते ५०० कुठे घालायचं याच्या शोधात असायचे. वेग विचारला असेल तर कुठेच नाही. ते निव्वळ आमिष.

मोठ्या जीचा (G, गुरुत्वाकर्षणाच्या सूत्रातला स्थिरांक) आणि पृथ्वीच्या वस्तुमानाचा जाचही बराचसा संपला. त्या दोघांच्या गुणाकाराऐवजी ९.८ गुणिले त्रिज्येचा वर्ग लिहिला तरी चालतं, कारण जमिनीवरचं त्वरण त्यातूनच आलेलं आहे. मग जमिनीला खेटून फिरणाऱ्या काल्पनिक उपग्रहाचा वेग म्हणजे ९.८ गुणिले त्रिज्या, त्याचं वर्गमूळ: ७.९ किलोमीटर प्रति सेकंद. त्याला दोनाच्या वर्गमूळाने गुणलं की ११.२. दोन वेगळी सूत्रं म्हणून पाठ केलेले आकडे सख्खे भाऊ निघाले. न्यूटनकडेही मोठ्या जीची किंमत नव्हतीच. ती ज्यातून मिळते ते शिशाच्या गोळ्यांमधलं आकर्षण इंग्रज शास्त्रज्ञ कॅव्हेंडिशने मोजलं ते १७९८ मध्ये, न्यूटन जाऊन सत्तर वर्षं झाल्यावर. तरीही चंद्राचं गणित न्यूटनने केलं. चंद्र केंद्रापासून साधारण ६० त्रिज्या लांब, म्हणून त्याचं त्वरण ९.८ भागिले ३,६००, म्हणजे ०.००२७. चंद्राच्या २७.३ दिवसांच्या फेरीवरूनही मी ते वेगळं काढलं, आणि तेवढंच आलं. त्या रात्री मी बहिणीला उठवून वही दाखवली. तिने "हो, येतंच" म्हणून कूस बदलली.

सगळ्यात गोड गणित भूस्थिर उपग्रहाचं, म्हणजे जमिनीवरून पाहिलं तर आकाशात एकाच जागी दिसणाऱ्या उपग्रहाचं. तो एका दिवसात एक फेरी मारतो, तर किती उंचीवर असेल? माझं उत्तर आधी घनमूळ, घातांक आणि पाव पान कच्चं काम यातून यायचं, आणि तीनदा केलं तर तीन उत्तरं. बहीण म्हणाली, "चंद्राला विचार ना."

केप्लरचा तिसरा नियम: आवर्तकालाचा (एका फेरीला लागणाऱ्या वेळेचा) वर्ग अंतराच्या घनाच्या प्रमाणात. चंद्राला साधारण २७ दिवस, उपग्रहाला १. सत्तावीसचं घनमूळ ३, त्याचा वर्ग ९. म्हणजे उपग्रह चंद्राच्या नवव्या हिश्श्यावर. ३,८४,००० भागिले ९, सुमारे ४२,६७०. खरं अंतर केंद्रापासून ४२,१६४ किलोमीटर. तोंडी केलेल्या गणितात जेमतेम सव्वा टक्क्याची चूक! त्यातून त्रिज्या वजा केली की पुस्तकातली सुमारे ३६,००० किलोमीटर उंची. (काटेकोर गणितात दिवस २४ तासांचा नाही, २३ तास ५६ मिनिटं ४ सेकंदांचा घ्यायचा, पृथ्वीला ताऱ्यांच्या संदर्भात एक गिरकी घ्यायला लागतो तेवढा. २४ तास घेतले तर उत्तर सत्त्याहत्तर किलोमीटरने वर जातं. परीक्षेत कुणी विचारत नाही, पण मला कळल्यापासून राहवत नाही.)

ऊर्जेची गणितं मला शेवटपर्यंत जड गेली. उणे चिन्हच अंगावर यायचं. ४०० किलोमीटरवरच्या उपग्रहाच्या प्रत्येक किलोग्रॅमची गतिज (वेगामुळे असलेली) ऊर्जा २९.४ मेगाज्यूल, स्थितिज (पृथ्वीपासूनच्या अंतरामुळे असलेली) ऊर्जा उणे ५८.९, बेरीज उणे २९.४ च्या आसपास. उणे म्हणजे तो पृथ्वीचा देणेकरी आहे आणि ते देणं फेडल्याशिवाय त्याची सुटका नाही, असं मी मनाशी ठरवलं. शास्त्रीय नसेल, पण चिन्ह चुकायचं थांबलं.

मग एक प्रश्न आला: वातावरणाच्या विरळ हवेच्या घर्षणाने उपग्रह ४०० वरून ३०० किलोमीटरवर आला, त्याचा वेग वाढला की घटला? घर्षण आहे, घटणारच. मी आकडे न घालताच उत्तर लिहिलं. जुनी खोड. मग आकृती काढून आकडे घातले. ७.६७ चा ७.७३ झाला होता. घर्षणाने वेग वाढला! तासभर चूक शोधली, सापडली नाही, कारण नव्हतीच. खाली येताना स्थितिज ऊर्जा किलोग्रॅममागे ०.८८ मेगाज्यूलने घटते. त्यातली निम्मी उष्णतेत जाते, उरलेली निम्मी वेग वाढवते. हिशोब पै-पैचा जुळतो, मन मात्र अजून कुरकुरतं.

परीक्षेच्या आधी बहिणीने शेवटचा प्रश्न घातला. एकाच कक्षेत दोन यानं, पुढचं थोडं लांब. मागच्याने त्याला गाठायला काय करायचं? १९६५ मध्ये अमेरिकेच्या जेमिनी ४ या यानातले अंतराळवीर जेम्स मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याकडे यान नेऊ पाहत होते. इंजिन त्याच्या दिशेने चालवलं तरी ते लांबच जात राहिलं, आणि शेवटी इंधन वाचवायला तो नाद सोडावा लागला. ही गोष्ट तिने नंतर सांगितली. आधी मला पेन दिलं.

मी 'वेग वाढवावा' एवढं लिहिलं, थांबले, आणि मोठं वर्तुळ काढलं. मध्ये ठिपका. वेग वाढला की कक्षा मोठी, कक्षा मोठी की फेरीला जास्त वेळ. लिहिलेलं खोडलं.

"ब्रेक मारायचा," मी म्हणाले.

"बरोबर. आणि दोन रेघा कुठायत?"

"थांब, आधी आकडे घालून बघते."