शेपटीवरचा क्रमांक आणि खरा क्रमांक

तुम्ही विचारलंत म्हणून एकदा नीट लिहिते. इंग्लंडमधल्या डक्सफर्ड विमानतळावरच्या कॅटलिनावर, म्हणजे पाण्यावर उतरणाऱ्या जुन्या युद्धकालीन विमानावर, अमेरिकी तारा आहे, नाकावर ‘मिस पिक अप’ लिहिलंय, शेपटीवर 433915 आहे. तरी मी तिला कॅनडाची का म्हणते? आणि नुसत्या रंगावरून इतकी का भांडते?

कारण ती कॅनडाचीच आहे. 1943 साली कॅनेडियन व्हिकर्स या कंपनीने बांधली आणि कॅनडाच्या हवाई दलात 11005 क्रमांकाने गेली. 1961 मध्ये तिथून निघाली आणि नागरी नोंदणीत सीएफ-एनजेएफ झाली. पुढे कॅनडाने नोंदणीची पद्धत बदलली, आडवी रेघ एक अक्षर आधी सरकली आणि तिचं सी-एफएनजेएफ झालं. तिने वणव्यांवर पाणी टाकलं. 2004 मध्ये इंग्लंडला आली, आता जी-पीबीवायए आहे. एवढ्या सगळ्यात कारखान्याचा क्रमांक मात्र एकच, सीव्ही-283. ब्रिटनमध्ये जुन्या लष्करी विमानांना परवानगी काढून नागरी अक्षरं न रंगवता लष्करी खुणांत उडता येतं, त्यामुळे कुंपणापाशी उभ्या माणसाला यातलं काहीच कळत नाही.

‘रंगच तर आहे’ म्हणणाऱ्यांनी 1998 आठवावं. त्या जुलैत साउदॅम्प्टनच्या पाण्यात एका कॅटलिनाला अपघात झाला. दोन प्रवासी गेले, त्यांत शहराचे महापौर होते. ते विमान वेगळं, नोंदणी बर्म्युडाची, व्हीपी-बीपीएस. मला अजून लोक विचारतात, ‘बुडालेली तीच ना ही?’ माणसं कुठल्या विमानात दगावली हे नेमकं सांगता येतं ते या अक्षरांमुळेच. याला किरकोळ म्हणू नका.

ऑक्टोबर 2020 मध्ये ही कॅटलिना स्कॉटलंडच्या लॉख नेसवर उतरली आणि तिचं एक इंजिन काही केल्या चालू होईना. तिला ओढत नेऊन बांधून ठेवावं लागलं आणि शेवटी क्रेनने उचलून काठावर घेतलं. ते दिवस मला फार जड गेले. सत्त्याहत्तर वर्षांचं विमान उघड्या सरोवरात, वर शरदातला वारा. आणि मला निरोप येत होते: ‘तुमचं अमेरिकन विमान अडकलं म्हणे.’ मला खूप राग आला. त्या रागातच, जिचं नाव आणि क्रमांक हिच्यावर रंगवलाय त्या खऱ्या अमेरिकी ‘मिस पिक अप’ची हकिकत पुन्हा काढून वाचली.

30 मार्च 1945. सफोकमधल्या हेल्सवर्थहून निघालेली ती कॅटलिना उत्तर समुद्रात पडलेल्या एका मस्टँग लढाऊ विमानाच्या वैमानिकाला उचलायला लाटांवर उतरली. समुद्र खवळलेला होता, इंजिनाने दगा दिला आणि तिला परत उडताच आलं नाही. ती तशीच वाहत राहिली. मग जर्मन मेसरश्मिट 262 जेट आली आणि त्यांनी गोळ्या झाडून तिला बुडवलं. तिच्यावरची माणसं रबरी तराफ्यांत उतरली. एका ब्रिटिश विमानाने त्यांच्यासाठी आकाशातून होडी टाकली. किनारा त्यांना दिसला तो काही दिवसांनी. दुसऱ्याला वाचवायला गेलेली माणसं होती ती. त्यांचं नाव कुठेतरी राहायला नको का?

पूर्वी मी म्हणायची, हा अमेरिकी रंग खरवडून काढा आणि 11005 लिहा. ती मी अगदीच चूक होते असं आजही मानत नाही. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या बेला बेलाच्या तळावरून पॅसिफिकच्या धुक्यात गस्त घालणाऱ्या कॅनेडियन मुलांची आठवण कोणी रंगवलेली नाही. पण अमेरिकेची ती ओए-10ए विमानंसुद्धा (अमेरिकी हवाई दलाने कॅटलिनाला दिलेलं नाव) कॅनेडियन व्हिकर्सनेच बांधलेली होती. म्हणजे बुडालेली आणि ही, दोघी एकाच घरच्या. बहिणीचं नाव बहिणीने घेतलं तर मी कोण अडवणारी? मग वाटतं, तिचं स्वतःचं नाव मिटवून का?

मला अजून उत्तर मिळालेलं नाही. कुंपणापाशी कोणी विचारलं तर मी आधी 11005 सांगते, मग 433915ची गोष्ट, पूर्ण. ऐकायला वेळ नसेल तर कृपया विचारू नका.