बीप आला होता, पण अर्थ नव्हता

इंजिन स्वॅपची कामं मी बरीच केलीत, पण त्या दिवशी फायरवॉलमधून (इंजिन आणि केबिनमधला पत्रा) जो धूर निघाला तो मी विसरणार नाही. त्यातून जे कळलं ते लिहून ठेवतोय, जुन्या गाडीत नवीन इंजिन टाकायचा विचार करत असाल तर कामाला येईल.

गाडी कार्बोरेटरवाली, वय तीसच्या पुढे. एका ताईंची. त्या नर्स आहेत, ड्युटी कधी पहाटेची कधी रात्रीची, आणि रोज हीच गाडी. बॉडी अजून टणक, खालून गंज जवळपास नाहीच, पण इंजिन संपलेलं. निळा धूर, तिसऱ्या सिलिंडरला कॉम्प्रेशन निम्मं, थंडीत चोक ओढून दहा दहा वेळा सेल्फ मारायला लागायचा. बोअर करून पिस्टन टाकायचे तर ओव्हरसाइज पिस्टन आणि रिंगचा सेट मिळतच नव्हता. मी स्पष्ट सांगितलं की ताई, याच पैशात आणि थोड्या जास्त वेळात इंजेक्शनवालं इंजिन बसेल. त्या म्हणाल्या, "दादा, मला स्पीड नको, पहाटे पाचला चावी फिरवली की चालू झाली पाहिजे, बास."

हे वाक्य मी संपूर्ण कामात डोक्यात ठेवलं, कारण शौकाची गाडी आणि रोजची गाडी यात फरक इथेच असतो. शौकाची गाडी बंद पडली तर माणूस रविवारी बोनेट उघडून बसतो. रोजची गाडी बंद पडली तर कुणीतरी ड्युटीवर पोचत नाही.

मागून ठोकलेली एक डोनर गाडी अख्खी घेतली. १.६ लिटर, १६ व्हॉल्व्ह, इलेक्ट्रॉनिक थ्रॉटल. अख्खी का, तर नुसतं इंजिन आणलं की पुढे रडारड असते. त्याचा इसीएम (इंजिन चालवणारा कॉम्प्युटर), त्याची चावी (चावीत इमोबिलायझरची चिप असते, ती इसीएमने ओळखली नाही तर इंजिन चालू होत नाही किंवा लगेच बंद पडतं), चावीभोवतीची अँटेना रिंग, अ‍ॅक्सिलरेटरचं पेडल, पूर्ण हार्नेस (वायरींचा जुडगा), सगळं एकाच गाडीचं हवं. पेडलमध्ये दोन सेन्सर असतात, इसीएम दोघांची रीडिंग सतत ताडून बघतो, जुळली नाहीत की पिकअप कापतो. तिथे जुगाड चालत नाही. गिअरबॉक्सही त्याच इंजिनचा घ्यायचा. होंडाचंच बघा, जुनी बी आणि डी सिरीजची इंजिनं उलटी फिरतात आणि के सिरीज सरळ, म्हणजे एकाच कंपनीची असली तरी जुना गिअरबॉक्स नव्या इंजिनला जोडता येत नाही. आमची गाडी वेगळी होती पण नियम तोच.

फाउंडेशन (इंजिन ज्यावर बसतं ते माउंट) बनवणं, ऑइलचं चेंबर खालच्या क्रॉसमेंबरला घासत होतं ते सोडवणं, ड्राइव्ह शाफ्ट नव्या मापाचे करून घेणं, हे सगळं झालं, त्यावर वेगळं लिहिता येईल. फ्युएलचं मात्र सांगतोच. कार्बोरेटरला पाव-अर्धा बार प्रेशर पुरतं, इंजेक्शनला साधारण ३ बार लागतं. म्हणजे इंजिनवरचा मेकॅनिकल पंप गेला, इलेक्ट्रिक पंप आला, आणि सोबत पाइप आणि क्लॅम्पसुद्धा इंजेक्शनच्या रेटिंगचेच. जुने रबरी पाइप ३ बारवर ठेवणं म्हणजे आगीला बोलावणं. आणि पंपाचा रिले इसीएमच्याच ताब्यात ठेवायचा. काही जण सोपं पडतं म्हणून पंप थेट इग्निशनला जोडतात, मला हे अजिबात पटत नाही. इंजिन फिरायचं थांबलं की इसीएम पंप बंद करतो, अपघातात तेवढी एक गोष्ट माणसाला वाचवू शकते.

तर तो दिवस. पहिल्यांदा चालू करायची वेळ. माझ्याकडे एक पोरगा शिकतोय, हुशार आहे, हात स्वच्छ ठेवून काम करतो. त्याला म्हटलं चेकलिस्ट घे. ऑइल, कूलंट, पंपाचं प्रेशर, लीक, सगळं झालं. अर्थ, म्हणजे इंजिनमधून बॅटरीच्या मायनसला परत जाणारी वाट, बघितलास का? हो दादा. मल्टिमीटर बीपवर ठेवला, एक टोक इंजिन ब्लॉकला एक बॅटरीच्या मायनसला, बीप आला. मीही ऐकला तो बीप. मी मान डोलावली.

तो आत बसला, मी बोनेटपाशी. चावी फिरवली. सेल्फ लागला पण जड, बॅटरी उतरल्यासारखा, घुर्र... घुर्र... आणि थ्रॉटल बॉडीतून टक टक टक असा आवाज, जसं कुणी आतून नख मारतंय. बॅटरी तर रात्रभर चार्जिंगला होती. मी म्हटलं परत मार. दुसऱ्यांदा चार-पाच सेकंद मारला असेल आणि फायरवॉलपाशी, जिथे क्लच वायर आत जाते तिथून, पांढरा धूर यायला लागला. आधी बारीक दोरीसारखा, मग भसकन.

ओरडलो, "बंद कर, उतर!" आणि बॅटरीचं मायनस काढलं. रोजचा नियम म्हणून ते टर्मिनल पहिल्या स्टार्टला मी हातानं निघेल इतपतच आवळतो आणि पाना जवळ ठेवतो. अग्निशामक सिलिंडर पायाशी होता, लागला नाही. पण फ्युएल लाइनमध्ये ३ बार प्रेशर आणि दीड हात अंतरावर धूर, ते दहा सेकंद काय होते ते मला माहीत.

पहिला संशय अर्थात हार्नेसवर. इतक्या वायरी आपण वाढवल्या, कुठेतरी प्लस बॉडीला लागलं असणार. टेप सोडून बघितलं, फ्यूज बघितले. एकही फ्यूज उडालेला नाही! इथे डोकं चालेना. शॉर्ट झाला असता तर फ्यूज उडायला हवा. मग धूर निघाला त्या जागी क्लच वायरला हात लावला आणि झटक्यात मागे घेतला, चटका बसला. वरचं प्लॅस्टिकचं आवरण वितळून फायरवॉलच्या रबराला चिकटलेलं. आतली स्टीलची वायर निळी पडलेली, तापलेलं स्टील पडतं तशी.

क्लच वायरीत करंट कुठून आला? ती तर नुसती ओढायची तार. आणि मग लक्षात आलं, आणि पोटात गोळा आला.

जुन्या गाडीत बॅटरीचं मायनस बॉडीला जातं, आणि बॉडीपासून गिअरबॉक्सपर्यंत एक चपटी विणलेली तांब्याची पट्टी असते. इंजिन रबराच्या फाउंडेशनवर बसलेलं असतं, म्हणजे विजेच्या हिशोबात ते बॉडीपासून सुटंच. सेल्फचा सगळा करंट त्या एका पट्टीतून परत बॅटरीला येतो. जुनं इंजिन काढताना ती पट्टी मीच सोडली होती, नव्या गिअरबॉक्सचा तो कोपरा दुसऱ्या बाजूला आला म्हणून पोचली नाही, "लांब बनवून घेऊ" म्हणून ट्रेमध्ये टाकली, आणि ती तिथेच राहिली. बघितलं तर अजून तिथेच होती, जुन्या बोल्टांच्या खाली. चूक माझी होती, पोराची नाही, हे त्याला तिथल्या तिथे सांगितलं कारण तो पार पांढरा पडला होता.

"पण दादा, बीप आला होता ना?"

आला होता. आणि हीच गोष्ट मला सगळ्यांना सांगायचीय. मीटर बीप द्यायला अगदी किरकोळ करंट पाठवतो, वाटेत काही ओहम असले तरी तो बीप देतो. क्लच वायरचं स्टील, ब्रॅकेट, हार्नेसमधली एखादी बारीक अर्थ वायर, एवढी वाट त्याला भरपूर झाली. पण सेल्फ लागतो तेव्हा १५० अँपिअर किंवा त्याहून जास्त वाहतात. समजा वाटेत फक्त ०.०३ ओहम आहे, मीटरला तो शून्यच वाटेल. १५० गुणिले ०.०३, साडेचार व्होल्ट तिथेच खाल्ले गेले. आणि साडेचार व्होल्ट गुणिले १५० अँपिअर म्हणजे पावणेसातशे वॅट, कपड्याच्या इस्त्रीइतकी उष्णता एका करंगळीएवढ्या तारेत. धूर येणार नाही तर काय होईल. ती टकटक पण समजली. इसीएमची अर्थ इंजिन ब्लॉकला होती, सेल्फ लागला की त्याला धड व्होल्टेजच मिळत नव्हतं, तो बंद होऊन पुन्हा चालू होत होता आणि दर वेळी थ्रॉटलची पाती हलवून बघत होता. फ्यूज उडाले नाहीत कारण सेल्फच्या जाड वायरीला आमच्या गाडीत फ्यूजच नाही, आणि परतीच्या वाटेवर तर नसतोच.

मला खरी धास्ती इसीएमची होती. अर्थ नसताना करंट कुठूनही वाट काढतो, इसीएमच्या बोर्डवरच्या बारीक रेषांमधूनसुद्धा, आणि त्या जळल्या की संपलं. हार्नेसमधली एक बारीक अर्थ वायर बॉडीला होती, तिचं कव्हर मऊ होऊन सुरकुतलं होतं, ती काढून नवीन टाकली. इसीएमचं खोकं उघडून वास घेतला, जळका नव्हता. भिंगातून बोर्ड बघितला, ठीक वाटला.

मग जम्पर केबल ब्लॉक ते बॅटरी मायनस लावली आणि स्कॅनर जोडून नुसता सेल्फ मारून बघितला, इंजेक्टरचे कनेक्टर काढून. स्कॅनरवर क्रँकिंगचे २२० आरपीएम दिसले, म्हणजे इसीएम जिवंत आणि क्रँक सेन्सरही वाचतोय. तेव्हा कुठे श्वास सोडला.

पट्टी नवीन बनवली, एक नाही तर दोन. एक गिअरबॉक्स ते बॉडी, एक ब्लॉक ते थेट बॅटरी मायनस, ३५ चौरस मिलिमीटरची केबल. लग (केबलच्या टोकाची कडी) बसतो तिथला पेंट पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत खरवडला, आवळून वरून ग्रीस. मग पोराला खरी टेस्ट दाखवली. मीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसच्या खांबावर (क्लॅम्पवर नाही, खांबावर), दुसरं ब्लॉकच्या उघड्या धातूवर, आणि त्याच वेळी सेल्फ. ०.१४ आलं. ०.२ च्या आत असेल तर मी ठीक धरतो, अर्ध्या व्होल्टच्या वर गेलं तर कुठेतरी घोळ आहे असं समजायचं. सेल्फ चालू असतानाच मोजायचं, नाहीतर त्या आकड्याला अर्थ नाही.

क्लच वायर नवीन, इंजेक्टरचे कनेक्टर परत लावले, संध्याकाळ झाली होती. चावी फिरवली. सेल्फ असा फिरला की दोघं एकमेकांकडे बघायला लागलो, आणि दुसऱ्या सेकंदाला इंजिन पकडलं. आयडल थोडं वर गेलं, मग ८०० ला येऊन बसलं. कार्बोरेटरच्या त्या गाडीत इतकी शांतता मी पहिल्यांदा ऐकली. पोरगा बोनेटवर हात ठेवून उभा राहिला होता बराच वेळ.

ताई गाडी न्यायला आल्या तेव्हा सगळं सांगितलं, जळलेली वायरही दाखवली. लपवण्यासारखं काही नसतं, त्यांना त्याच गाडीत बसायचंय. त्यांनी वायर हातात घेऊन उलटीपालटी करून बघितली आणि विचारलं, "पहाटे चालू होईल ना?" म्हटलं आज नेऊ नका, रात्रभर इथेच राहू दे, पहाटे थंड इंजिनवर मी स्वतः बघतो आणि मगच देतो. इंजिन नंबर बदलल्याचे कागद आणि विम्याला कळवायचं काम त्यांनी आधीच केलं होतं, तेही सांगतो कारण बरेच लोक ते शेवटी ठेवतात आणि अडकतात.

पहाटे पाचला गेलो. पोरगा माझ्या आधी येऊन थांबला होता, मीटर हातात. एका सेल्फमध्ये चालू. ०.१५.

टॅकोमीटर तेवढा अजून मेलेला आहे. जुना टॅको एका कॉइलच्या मायनसवरून पल्स मोजायचा, इथे प्रत्येक सिलिंडरला वेगळी कॉइल. इसीएममधून टॅकोचं आउटपुट निघतं पण त्याचा सिग्नल जुन्या मीटरला ओळखता येत नाहीये, पुल-अप रेझिस्टर (सिग्नलचं व्होल्टेज वर ओढणारा) लावून बघायचंय. ताई म्हणाल्या मला काट्याची गरज नाही. पण काम अर्धं आहे, पुढच्या सर्व्हिसला ते करूनच गाडी देणार.