बाईंच्या फळ्यावरचं आमचं मराठी

शाळेच्या सुवर्णमहोत्सवासाठी आठवणी लिहा, असं पत्र हातात पडलं आणि मराठीच्या बाई आठवल्या. मैदान, स्नेहसंमेलन, सहली यांवर बाकीचे लिहितीलच. मला बाईंवरच लिहायचंय.

आम्ही सोलापूरच्या पूर्व भागातली, विणकरवस्तीतली पोरं. घरात तेलुगू, गल्लीत दखनी उर्दू, बाजारात कन्नड आणि शाळेत मराठी. 1877 साली 'जुनी मिल' ही कापडगिरणी सुरू झाली, मागांचा धंदा वाढला आणि निजामाच्या मुलखातून पद्मशाली विणकर सोलापुरात येत राहिले. माझे पणजोबा त्यांतलेच.

आठवीत माझ्या बाकावरचा मित्र एकदा उशिरा आला. "बाई, आई गावाहून आलं, म्हणून उशीर झाला." अख्खा वर्ग हसला. बाईंनी शांतपणे विचारलं, "घरी कसं म्हणतोस रे?"

"अम्मा वच्चिंदि."

"आणि गाडी आली तर?"

"बंडी वच्चिंदि."

दोन्ही वाक्यं फळ्यावर लिहून बाईंनी क्रियापदाखाली रेघ ओढली. "तेलुगूत बाई आली काय, गाडी आली काय, रूप एकच. त्यानं घरचं व्याकरण मराठीत आणलं. यात हसायचं काय? तुमचं 'काय करालास बे' पुण्यात कोण बोलतं?" मग 'सुट्टी आहे म्हणून सांगितलं' हे वाक्य घेतलं आणि त्यातल्या 'म्हणून'शेजारी तेच काम करणारं कन्नडचं 'अंत' आणि तेलुगूचं 'अनि' मांडून दाखवलं. तास कधी संपला, कळलं नाही. तो मित्र त्यानंतर वर्गात बोलायला कधी बिचकला नाही. व्याकरण इतकं माणुसकीनं शिकवणारं दुसरं कुणी मला भेटलेलं नाही.

नवरात्रात बाई वही घेऊन आमच्या गल्लीत यायच्या. बतुकम्मा, म्हणजे पूजेसाठीचा फुलांचा थर, रचताना आज्ज्यांना फुलांची नावं विचारायच्या. तंगेडू म्हणजे तरवड, गुनुगू म्हणजे कुरडू, असं दोन्हींकडून लिहून घ्यायच्या. आमची आज्जी मलिद्याची ताटली पुढं करून म्हणायची, "बाई, तोडं खावा की ओ." बाईंनी ते 'तोडं' तसंच वहीत उतरवलेलं मी पाहिलंय. 'थोडं' असं सुधारून लिहिलं नाही.

आज मी जिल्हा न्यायालयात वकिली करतो. पक्षकार अक्कलकोटचा असो की पूर्व भागातला, तो त्याच्या मराठीत बोलतो आणि मी त्याला मध्येच तोडत नाही. साक्ष नीट निघते ती त्यामुळेच. हे बाईंचं देणं.

वाईट याचं वाटतं, की आता गल्लीतले माग थांबलेत, नातवंडं इंग्रजी शाळेत जातात आणि तेलुगू आज्जीपाशीच अडलीय. मराठीही सगळ्यांची टीव्हीवरच्यासारखी गुळगुळीत झालीय. 'की ओ' ऐकायला मंगळवार बाजारात जावं लागतं.

बाईंच्या त्या वह्या त्यांच्या घरी असतील, तर शाळेनं मागून घ्याव्यात आणि छापाव्यात. छपाईचा खर्च आमची बॅच करेल. मी बाकीच्यांशी बोललोय, सगळे तयार आहेत.