सहा बाटल्या, एकच पाऊस

ठाण्यात जून ते सप्टेंबर शाळेच्या दाराशी जे प्रयोगसाहित्य फुकट येऊन पडतं, त्याचा चौथीच्या वर्गात पुरेसा उपयोग होत नाही. बाटलीचा पर्जन्यमापक, म्हणजे पाऊस मोजायचं साधन, बऱ्याच शाळांत बनतो. पण वर्गात मिळून एकच बाटली असते, ती दोन दिवस गच्चीवर राहते आणि मग प्रदर्शनाच्या टेबलावर जाते. माझा आग्रह असा की बाटली एक नको, निदान सहा हव्यात, आणि सगळ्या एकाच जागी, शेजारी शेजारी. पाऊस सगळ्यांवर सारखाच पडतो. तरी आकडे वेगळे येतात. ते वेगळे का आले हे शोधताना मुलं खऱ्या अर्थाने मोजायला शिकतात.

बाटलीच्या आधी दोन डबे घ्या. सरळ भिंतीचे स्टीलचे डबे, एक रुंद, एक अरुंद, दोन्ही किमान १० सेंमी उंच. उथळ असतील तर थेंब आपटून पाणी बाहेर उडतं. पेला घेऊ नका, तो वर फाकलेला असतो आणि पाणी खऱ्यापेक्षा जास्त उंच दाखवतो. मुलांना आधी विचारा, पाणी कुठल्या डब्यात जास्त उंच चढेल? काही म्हणतात रुंद, कारण त्यात जास्त थेंब पडणार. काही म्हणतात अरुंद, कारण तो लवकर भरणार. अंदाज पेनाने लिहून घ्या, पेन्सिलीने लिहिला की मागाहून खोडला जातो. दमदार सरीत डबे अर्धा तास उघड्यावर ठेवले की दोन्हीकडे उंची जवळपास सारखी येते. मग तेच पाणी मापाच्या पेल्यात ओतून पाहा, मिलिलिटरमध्ये भरपूर फरक दिसेल. पाऊस लिटरमध्ये न सांगता मिलिमीटरमध्ये का सांगतात, हे इथे न बोलता कळतं. एक काळजी घ्या: प्लॅस्टिकच्या पट्टीवर शून्याच्या आधी ३ ते ५ मिमी मोकळी जागा असते. तशीच पट्टी डब्यात उभी केली की तेवढं माप कमी येतं. पट्टी शून्यापाशी कापा, किंवा आलेखाच्या कागदाची पट्टी करा.

आता बाटली. कोल्ड्रिंकची दोन लिटरची, आणि कमरेत आवळलेली नसलेली. सगळ्यात जास्त चुका कापण्यात होतात. वरचा भाग कापून तो उलटा नरसाळ्यासारखा बसवायचा असतो. त्यामुळे नरसाळ्याचं तोंड आणि खालच्या नळकांड्याची रुंदी एकच असायला हवी. म्हणून कापायचं ते सरळ भाग सुरू झाल्यावरच. खांद्यावर कापलं आणि तोंड ९ सेंमीचं, पण बाटली ११ सेंमीची राहिली, तर ४० मिमी पाऊस जेमतेम २७ मिमी दिसतो. उलट, कंबर आवळलेल्या बाटलीत पाणी कमरेच्या अरुंद भागात उभं राहिलं, तर आकडा फुगतो. पहिला छेद बाई किंवा सरांनी कटरने द्यावा, पुढचं मुलांनी कात्रीने. कडेला चिकटपट्टी लावा, ती कड बोट कापते. बूच काढायला विसरू नका, हे दरवर्षी एखाद्या गटाकडून होतंच.

बाटलीचा तळ पाच पाकळ्यांचा असतो, त्यामुळे तळापासून मोजता येत नाही. पाकळ्यांच्या वर सरळ भाग जिथे सुरू होतो तिथे पर्मनंट मार्करने शून्याची रेघ ओढा आणि खाली खडे टाकून त्या रेघेपर्यंत पाणी भरा. खड्यांनी बाटली जडही होते. रेघेच्या वर आलेखाच्या कागदाची पट्टी बाहेरून लावा आणि तिच्यावर रुंद पारदर्शक चिकटपट्टी सगळ्या बाजूंनी दाबून बसवा. जुलैच्या दमट हवेत डिंकाने लावलेली पट्टी दोन दिवसांत घसरते, आणि पट्टी घसरली की माप चुकलंच.

जागा ठरवताना झाड, पाण्याची टाकी, पागोळ्या यांच्यापासून लांब जा. अडथळा जितका उंच, त्याच्या दुपटीइतकं अंतर राखावं. ठाण्यातल्या दाटीत हे अनेक शाळांना जमणार नाही, मग गच्ची. तिथेही कठड्यापासून दूर, आणि मुलांना एकटं न पाठवता. सहाही बाटल्या रंगाच्या जुन्या, वाळू भरलेल्या डब्यांत खोचून ओळीने उभ्या करा. तोंड जमिनीपासून साधारण ३० सेंमी वर असावं, म्हणजे खालून उडणारं पाणी आत जात नाही.

हवामान खातं सकाळी साडेआठला मागच्या २४ तासांचा पाऊस नोंदवतं. सकाळच्या अधिवेशनाच्या शाळांनी हीच वेळ धरावी. दुपारच्या शाळांनी आपली वेळ ठरवावी, फक्त मग त्या आकड्याची खात्याच्या रोजच्या आकड्याशी तुलना करू नये. डोळे पाण्याच्या पातळीला आणून, पाण्याच्या कडेचा चढलेला भाग सोडून मधली सपाट पातळी वाचायची. दोन मुलांनी स्वतंत्र वाचायचं, एकमेकांना न सांगता. फरक २ मिमीपेक्षा जास्त असेल तर पुन्हा. वहीत चार रकाने: तारीख, अंदाज, माप, वाचणाऱ्यांची नावं.

आणि मग तो क्षण येतो. पाच बाटल्या ३८ ते ४२ दाखवतात आणि सहावी ५५. "तुमची चूक आहे" असं बाई म्हणाल्या की प्रयोग संपला. "शोधा" म्हणाल्या की गट बाटलीभोवती बसतो, आणि हळूहळू कारणं निघतात: बाटली कलली आहे, शून्याच्या वर आधीच पाणी होतं, वरच्या पाइपातून ठिबकतंय. कारण सापडल्यावरही तो ५५ खोडायचा नाही. शेजारी कारण लिहायचं.

आमच्याकडची खरी अडचण सुट्टीची. रेड अलर्ट आला की शाळा बंद, म्हणजे सगळ्यात मोठा पाऊस नोंदीतूनच निसटतो. ११५.६ मिमीपासून खातं त्याला अति जोरदार म्हणतं आणि २०४.४ च्या वर अत्यंत जोरदार. बाटलीचा सरळ भाग साधारण १५ सेंमीचा, म्हणजे अशा दिवशी ती भरून वाहू शकते. शाळेचा पहारेकरी किंवा आवारात राहणारं कोणी संध्याकाळी एकदा वाचून बाटली रिकामी करून शून्यावर आणत असेल तर नोंद वाचते. रविवारचा पाऊस सोमवारी मोजताना तो दोन दिवसांचा मिळून असतो, तो अर्धा अर्धा वाटू नका. आलेखात दोन दिवसांवर पसरलेला एकच खांब काढा.

आलेख मात्र प्रमाणात लहान करू नका. रोजच्या मापाइतकीच लांब निळ्या घोटीव कागदाची पट्टी कापा. ४३ मिमी पाऊस म्हणजे ४३ मिमी पट्टी. महिन्याच्या पट्ट्या एकावर एक भिंतीवर चिकटवत गेलं की चांगल्या पावसाच्या जुलैत ती रांग मुलांच्या छातीपर्यंत येते. शेजारी ९४४ मिमीची एकच पट्टी लावा: २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात पडलेला पाऊस. मुलं तिच्याशेजारी उभी राहून आपली उंची पाहतात, आणि घरी मोठ्यांना त्या दिवसाबद्दल विचारतात.

पाचवीसाठी पुढची पायरी: एक चौरस मीटरवर १ मिमी पाऊस म्हणजे १ लिटर. ६ बाय ८ मीटरच्या वर्गाच्या छपरावर ५० मिमी पडला तर २४०० लिटर, म्हणजे २० लिटरच्या १२० बाटल्या. हे ट्रेमध्ये दाखवताना २० बाय ३० सेंमीच्या ट्रेत ६० मिलि ओतून १ मिमीची अपेक्षा धरू नका, प्लॅस्टिकवर पाणी पसरत नाही, गोळे होतात. ६०० मिलि ओता आणि १० मिमी मोजा.

दर शनिवारी सगळ्या बाटल्या खड्यांसकट रिकाम्या करून धुवा. हिरवं शेवाळ धरलं तर पातळी नीट दिसत नाही, आणि साचलेल्या पाण्यात डासांच्या अळ्या आठवडाभरात तयार होतात. उघडीप असेल तर शून्याच्या रेघेखाली पाणी उतरतं, त्यामुळे रोजच्या वाचनानंतर रेघ तपासून पाणी घालणं हे त्या दिवशीच्या गटाचं काम.