वैनगंगेच्या दोन्ही तीरांवर तरुणांची चित्रे : नागभीड, ब्रह्मपुरी, वडसा

नागभीड, ब्रह्मपुरी आणि वडसा ही तीन गावे गोंदिया–बल्लारशा लोहमार्गावर एकापुढे एक येतात. आमच्या भागातील तरुण चित्रकारांचे प्रदर्शन एकाच वेळी अनेक जागांत भरवायचे ठरले, तेव्हा हीच गावे निवडण्याचे पहिले कारण हा लोहमार्ग होता. झाडीपट्टीतील, म्हणजे पूर्व विदर्भाच्या या धानाच्या आणि जंगलाच्या पट्ट्यातील, काही कलाशिक्षक आणि त्यांचे माजी विद्यार्थी यांनी मिळून हिवाळ्यात हे प्रदर्शन मांडले. चित्रकार बहुतेक विशीतले. कोणी नागपूरच्या शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकणारे, कोणी एटीडी (कलाशिक्षक पदविका) करून नोकरीच्या शोधात असलेले, तर कोणी घरची शेती सांभाळून गणपतीच्या दिवसांत मूर्ती रंगवणारे. त्यांच्या चित्रांत धानाच्या बांध्या (भातखाचरे) आहेत, मामा तलाव (जुने मालगुजारी तलाव) आहेत, मोहफुले वेचणाऱ्या बाया आणि दंडार या लोकनाट्यात नाचणारी पोरे आहेत. ही चित्रे केवळ नागपूरच्या दालनात लागली, तर ज्यांचे जगणे त्यांत उतरले आहे त्यांच्या नजरेस ती कधीच पडणार नाहीत, असे आम्हा सर्वांचे मत होते. म्हणून तीन गावांत मिळून पाच जागा घेतल्या : नागभीडला एक शाळा, ब्रह्मपुरीला एक वाचनालय आणि एका राइस मिलचे रिकामे गोदाम, वडसा येथे एका नाटक मंडळीच्या कार्यालयाची ओसरी आणि नाटकाचे पडदे रंगवणाऱ्या पेंटरचे दुकान. चित्रे लावण्याच्या कामात मी होतो आणि नंतर प्रेक्षक म्हणूनही सर्व जागा फिरलो. पुढच्या हिवाळ्यात कोणी असे काही करणार असेल, त्याच्यासाठी हे लिहीत आहे.

नागपूरहून येणाऱ्याने उमरेड, भिवापूरमार्गे रस्त्याने नागभीड गाठावे. अंतर सुमारे 100 किलोमीटर आहे. तेथून पुढे रेल्वे उपयोगी पडते, मात्र या मार्गावर प्रवासी गाड्या मोजक्या असल्यामुळे वेळापत्रक आधी पाहून मगच दिवस आखावा. गाडी चुकली तर एसटी किंवा काळीपिवळी मिळते. ब्रह्मपुरी सोडल्यावर गाडी वैनगंगा ओलांडते आणि आपण चंद्रपूर जिल्ह्यातून गडचिरोली जिल्ह्यात येतो. वडसा गावाचे सरकारी नाव देसाईगंज असले तरी स्थानकाचे नाव वडसा हेच आहे, हे बाहेरून येणाऱ्यांना पत्रकावर स्पष्ट लिहून द्यावे. सकाळी नागभीडपासून सुरुवात केली तर दुपार ब्रह्मपुरीत आणि संध्याकाळ वडशात घालवता येते. आमच्या जागांच्या वेळाही याच क्रमाने ठरवल्या होत्या.

जागा शोधताना सगळ्यांचे लक्ष आधी भिंतीकडे जाते. भिंत किती लांब आहे, खिळा धरते की नाही, उजेड कुठून येतो, हे सारे पाहावेच. परंतु माझा अनुभव असा की त्याआधी एकच प्रश्न विचारावा : रोज दार कोण उघडणार आणि तेथे कोण बसणार? शहरातील दालनाला पगारी माणूस असतो. आपल्याकडे तो नसतो, आणि पाच जागांवर सकाळ-संध्याकाळ बसायला चित्रकार स्वतः पुरत नाहीत, कारण त्यांतील निम्मे त्याच दिवसांत घरच्या धानाच्या मळणीत गुंतलेले असतात. ज्या जागेला स्वतःचा माणूस आहे आणि जी एरवीही रोज उघडते, तीच जागा प्रदर्शनाला चांगली. वाचनालयातील ग्रंथपाल, शाळेतील शिपाई, मिलमधील दिवाणजी यांना उद्घाटनाच्या आधी एकदा शांतपणे सर्व चित्रे दाखवावीत, कोणते कोणी काढले ते सांगावे, शक्य असेल तर चित्रकाराची भेट घालून द्यावी. नागभीडच्या शाळेतील शिपाईकाकांना एका मुलीचे बोडीचे (लहान तळ्याचे) चित्र इतके आवडले, की येणाऱ्या प्रत्येकाला ते प्रथम त्या चित्रासमोर नेऊन उभे करीत आणि मगच बाकीचे पाहू देत. अशा माणसाची जागा कोणतीही छापील माहितीपुस्तिका घेऊ शकत नाही.

नागभीडच्या शाळेविषयी फार सांगण्यासारखे नाही. शाळा सर्वत्र सारख्याच असतात. भिंतींना खालच्या अर्ध्या भागात ऑइलपेंट होता, त्यावर चिकटपट्टी रात्रीच्या गारव्यात सुटते, म्हणून खिडकीच्या गजांना नायलॉनची दोरी बांधून चित्रे टांगली. एक गोष्ट मात्र लक्षात राहिली. चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट परीक्षांना बसलेली मुले प्रत्येक चित्रासमोर थांबून “हे स्मरणचित्र आहे की संकल्पचित्र?” असे विचारत होती. त्यांना चित्र पाहण्याची एवढीच चौकट ठाऊक होती, आणि तिच्याबाहेरचे चित्र पाहताना ती प्रथम गोंधळत आणि मग जास्त वेळ थांबत. शाळेत प्रदर्शन लावणाऱ्याने चित्रे खाली लावावीत. दालनांमध्ये चित्राचा मध्य जमिनीपासून 57 ते 60 इंचांवर ठेवण्याची पद्धत आहे. पाचवी-सहावीच्या मुलांसाठी तो 48 इंचांच्या आसपास हवा.

ब्रह्मपुरी हे शाळा-महाविद्यालयांचे गाव असल्याने तेथे वाचनालयात सकाळपासून स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी मुले बसलेली असतात. सार्वजनिक वाचनालयात प्रदर्शन भरवायचे तर ग्रंथपालाची संमती पुरत नाही. कार्यकारी मंडळाच्या सभेत विषय घ्यावा लागतो, त्यामुळे किमान दीड-दोन महिने आधी लेखी अर्ज द्यावा. आम्ही तेथे लहान आकाराची, जवळून पाहण्याची चित्रे ठेवली : शाईची रेखाटने, लिनोकटचे (लिनोलियम कोरून घेतलेले) छाप, एका मुलाने एसटीत बसून केलेल्या स्केचची वही. अभ्यासाची शांतता मोडू नये म्हणून उद्घाटनाची भाषणे तेथे ठेवली नाहीत, आणि हे मंडळाला फार आवडले. येथे उजेडाविषयी एक सूचना. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीतून ऊन खोलीत खूप आतपर्यंत येते आणि समोरच्या भिंतीवर दुपारभर राहते. जलरंगाची चित्रे त्या भिंतीवर लावू नयेत. रंग उडतात आणि काच असेल तर चकाकीमुळे काही दिसत नाही. खिडकी ज्या भिंतीत आहे, त्याच भिंतीवर खिडक्यांच्या मधल्या जागेतही चित्र लावू नये, कारण डोळ्यांवर उजेड येऊन चित्र काळे दिसते.

सर्वांत अधिक विचार गोदामासाठी करावा लागला. भिंती उंच, चुन्याचा पापुद्रा सुटलेला, खिळा ठोकला की मूठभर माती खाली येणार. मग भिंतीचा नाद सोडून बांबूचे उभे सांगाडे करून घ्यायचे ठरले. गावातील बुरूड कारागिरांनी मानवेल बांबूचे, सुतळीने बांधलेले, तीन पायांवर उभे राहणारे सांगाडे करून दिले. बांबू पूर्ण वाळलेला घ्यावा, ओला असेल तर दोन-चार दिवसांत बांधणी सैल पडते. स्थानिक वस्तूंतून प्रदर्शनाची मांडणी करण्याला आपल्याकडे मोठी परंपरा आहे. 1936 साली फैजपूरला काँग्रेसचे अधिवेशन प्रथमच खेड्यात भरले, तेव्हा गांधीजींच्या आग्रहावरून चित्रकार नंदलाल बोस यांनी तेथील सजावट बांबूसारख्या साध्या, जवळपास मिळणाऱ्या वस्तूंतून उभी केली होती. आणि अलीकडचे उदाहरण घ्यायचे तर 2012 साली सुरू झालेल्या केरळमधील कोची-मुझिरिस बिएनालेने (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनाने) फोर्ट कोची आणि मट्टनचेरीच्या जुन्या व्यापारी वखारींतच कला मांडली. गोदाम म्हणजे तडजोडीची जागा, असे कोणी समजू नये.

मात्र राइस मिलच्या परिसरात भुशाची आणि कोंड्याची बारीक धूळ सतत उडत असते. कोळशाची आणि सुक्या पेस्टलची चित्रे तेथे उघडी ठेवता येत नाहीत. त्यांवर फिक्सेटिव्ह (रंग धरून ठेवणारा फवारा) मारून वर पारदर्शक प्लास्टिकचा कागद लावावा, किंवा ती सरळ वाचनालयात पाठवावीत. दुसरे, कणकेच्या खळीने चिकटवलेले माउंट (चित्रामागचे पुठ्ठे) गोदामात ठेवू नयेत. उंदीर एका रात्रीत कडा कुरतडतात.

याच गोदामात जे पाहिले ते मला या साऱ्या खटाटोपातील सर्वांत मोलाचे वाटते. एका तरुणाने रोवणीचे (भातलावणीचे) मोठे चित्र लावले होते : आभाळ भरून आलेले, गुडघाभर चिखल, आणि वाकलेल्या बायांची रांग पऱ्ह्यांच्या (धानाच्या रोपांच्या) पेंढ्या हातात घेऊन पुढे चाललेली. मिलमध्ये झाडणी-पाखडणीचे काम करणाऱ्या बाया दुपारच्या सुट्टीत डबे घेऊन तेथे आल्या. त्यांतील एका वयस्क बाईने बराच वेळ चित्र पाहिले आणि जवळ उभ्या असलेल्या चित्रकाराला म्हटले, “बाबू, रोवणारी मागं मागं जाते जी. अशी पुढं गेली त आपलंच रोवलेलं तुडवीन न!” मग तिने डबा बाजूला ठेवला, गोदामाच्या फरशीवर वाकून डाव्या हातात पेंढी धरल्याचा आव आणला, उजव्या हाताच्या अंगठ्याने आणि दोन बोटांनी रोप चिखलात कसे खोवायचे ते दाखवत दोन-तीन पावले मागे सरकली. बाकीच्या बाया तिला हसत नव्हत्या. त्यांतील दोघींनी पेंढी कमरेपासून किती दूर धरायची यावर तिला दुरुस्त केले. त्या तरुणाने तेथेच वहीत तिची आकृती टिपून घेतली, आणि दोन दिवसांनी नव्याने केलेले रेखाटन मूळ चित्राच्या शेजारी त्याच सांगाड्यावर लावले, मूळ चित्र न हलवता. नंतर आलेले लोक दोन्ही चित्रे पाहून कोणते बरोबर यावर आपसांत बोलत राहिले. चित्रावर असे बोलणारा प्रेक्षक कोणत्याही महानगरातील दालनात त्याला मिळाला नसता. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे की दिवसाच्या ज्या वेळी कष्टकरी माणसे मोकळी असतात, त्या वेळी चित्रकाराने स्वतः जागेवर असावे, मग उरलेल्या वेळी तो नसला तरी चालेल.

वडशाची गोष्ट निराळी आहे. दिवाळीनंतर होळीपर्यंत झाडीपट्टी रंगभूमीचा हंगाम असतो, आणि नाटक मंडळ्यांची कार्यालये वडशात असल्याने शंकरपट (बैलांच्या शर्यती), मंडई (गावची जत्रा) यांच्या निमित्ताने नाटक ठरवायला गावोगावची माणसे तेथे येतात. बोलणी लांबतात, माणसे बाहेर ओसरीवर थांबतात. त्याच ओसरीवर आम्ही मोठी, लांबूनही दिसणारी चित्रे लावली. पडदे रंगवणाऱ्या पेंटरच्या दुकानात तर राजवाड्याचा आणि जंगलाचा अर्धवट रंगवलेला पडदा मागे, आणि पुढे तरुणांची चित्रे, अशी मांडणी आपोआप झाली. महाविद्यालयात शिकलेल्या मुलांनी त्या पेंटरकडून मोठ्या कापडावर खडूची दोरी आपटून दृश्याच्या रेषा आखण्याची पद्धत शिकून घेतली, आणि तो शिक्षणाचा भाग आम्ही योजलेला नव्हता. वडशात सकाळी कोणी फिरकत नाही, कारण रात्रभर चालणारी नाटके पहाटे संपतात आणि गाव उशिरा जागे होते. तेथे दुपारी 4 ते रात्री 9 हीच वेळ ठेवावी. वीज गेली तर उपयोगी पडावेत म्हणून चार्जिंगचे एलईडी दिवे जवळ असू द्यावेत. दिव्याचा पांढरा निळसर प्रकाश चित्राचे रंग बदलतो, म्हणून पिवळसर प्रकाशाचे घ्यावेत.

परवानग्यांबाबत थोडक्यात. दोन जिल्ह्यांत काम असले की प्रत्येक ठिकाणची पत्रे वेगळी लागतात. शाळेसाठी मुख्याध्यापक आणि शाळा व्यवस्थापन समिती, रस्त्यावर फलक लावायचा तर नगर परिषद किंवा नगर पंचायत, आणि खासगी जागेसाठी मालकाचे लेखी संमतिपत्र, ज्यात तारखा आणि विजेच्या बिलाचा उल्लेख असावा. अठरा वर्षांखालील चित्रकार असेल तर पालकांची सही घ्यावी. चित्राखालची चिठ्ठी ठळक अक्षरांत लिहावी आणि तिच्यावर चित्रकाराच्या नावाबरोबर गावाचे नाव अवश्य घालावे. लोक आधी गाव वाचतात, आणि ओळखीचे निघाले की मग चित्र पाहतात. विकायचे असेल तर किंमत तेथेच लिहावी. विचारल्यावर सांगण्याची रीत खेड्यातील माणसाला संकोचात टाकते.

चित्रांची ने-आण छोट्या हत्तीने करावी. फ्रेम उभ्या ठेवाव्यात, काचेला काच आणि पाठीला पाठ लावून, मध्ये जुन्या गोधड्या. आडव्या रचलेल्या फ्रेमची काच खड्ड्यांच्या रस्त्यावर टिकत नाही. पहाटे दव असते, म्हणून हिवाळ्यातही ताडपत्री हवीच. प्रत्येक चित्राच्या मागे क्रमांक, चित्रकाराचे नाव आणि जागेचे नाव पेन्सिलने लिहावे, दोन प्रतींत यादी करावी, आणि चित्र देताना-घेताना दोन्ही वेळा सही घ्यावी. पाच जागांवर चित्रे फिरली की कोणते कुठे आहे हे आठवणीवर सोडता येत नाही.

तारखा ठरवताना धानाकडे पाहावे. कापणी झालेली असावी, पुंजणी (कापलेल्या धानाचे ढीग) लागलेली असावीत आणि मळणीचा जोर ओसरत आलेला असावा, असे पाहिले तर डिसेंबरचा उत्तरार्ध ते जानेवारीचा शेवट हा काळ सोयीचा पडतो. फेब्रुवारीपासून शाळांमध्ये दहावी-बारावीच्या परीक्षांची गडबड सुरू होते आणि वर्ग मिळत नाहीत. ज्या गावात जागा घेतली आहे तेथील आठवडी बाजाराचा दिवस प्रदर्शनाच्या काळात किमान दोनदा यावा. बांबूचे सांगाडे गोदामात एका कोपऱ्यात सांभाळून ठेवले आहेत, आणि पुढच्या खेपेला कोणाला हवे असल्यास मिलच्या मालकांनी ते वापरायला देण्याचे मान्य केले आहे; फक्त दिवाळीपूर्वी निरोप द्यावा, कारण नंतर नव्या धानाची आवक सुरू होते आणि गोदाम भरते.