बटव्यातली अर्धी गोळी

सोमवारची आमची मानसोपचाराची ओपीडी म्हणजे विरार लोकल. त्या कलकलाटात दीड महिन्याचं एक बाळ हूं की चूं करत नव्हतं.

आई लालबागच्या चाळीतली, पहिलटकरीण. "बाळाला माझ्यापेक्षा बरी आई मिळायला हवी होती," एवढंच बोलली. नवऱ्याने मोबाइल पुढे केला. "मॅडम, अमेरिकेत 14 दिवसांची गोळी निघालीय म्हणे. तीच लिहून द्या ना."

माहिती खरी होती. झुरानोलोन, तिथे ऑगस्ट 2023 मध्ये बाळंतपणानंतरच्या नैराश्यासाठी मंजूर झालं. गाबा हे मेंदूतलं रसायन म्हणजे मेंदूचा ब्रेक. गरोदरपणात प्रोजेस्टेरॉन या हार्मोनपासून तयार होणारं अ‍ॅलोप्रेग्ननोलोन तो ब्रेक घट्ट धरतं आणि प्रसूतीनंतर धाडकन खाली येतं. ही गोळी त्याच जातकुळीतली. तिच्याआधीचं ब्रेक्सानोलोन तर सलग 60 तास सलाइनमधून द्यावं लागायचं. आमच्याकडे 60 तास रिकामी खाट दाखवा! आणि ही गोळी आमच्या फार्मसीत नाही, हे त्याला सांगावं लागलं.

बोलता बोलता मी बाळाचा हात उचलला. सोडला, तर चिंधीसारखा पडला.

"दूध पितं?"

"चार घोट घेतं नि झोपतं. शहाणं आहे," सासूबाई कौतुकाने म्हणाल्या.

"मावशी, सुनेला झोपेसाठी काही देता?"

बटव्यातून पट्टी निघाली. अल्प्राझोलाम, चिंतेवरची, झोप आणणारी गोळी; काही गोळ्या अडकित्त्याने अर्ध्या केलेल्या. "माझीच. 5 रात्री अर्धी-अर्धी दिली. बिचारी टक्क जागी असते हो."

ही गोळीसुद्धा गाबाचाच ब्रेक दाबते, फक्त पेशीवरच्या गाबाच्या त्याच रिसेप्टरवर, म्हणजे कुलपावर, दुसऱ्या जागी. आणि दुधातून बाळापर्यंत पोचते. बाळाला लगेच बालरोग विभागात धाडलं. आईला सर्ट्रालिन हे नैराश्यावरचं औषध सुरू केलं, रात्रीचं एक दूध नवऱ्याच्या गळ्यात घातलं. जीव द्यावासा वाटतो का, हे मी तिला दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा सगळ्यांना बाहेर काढून. दोन्ही वेळा 'नाही' म्हणाली, तरी गुरुवारी परत बोलावलं.

दुपारी बालरोगमधून फोन आला, बाळाने भोकाड पसरलंय, आईला पाठवा.

सासूबाई पट्टी घेऊन कचऱ्याच्या डब्याकडे निघाल्या होत्या. 9 वर्षं रोज रात्री एक घेतायत, हे तेव्हा कळलं. "मावशी, थांबा! एकदम बंद केलीत तर फिट येईल. हळूहळू कमी करू." त्यांच्या नावाचा केसपेपर काढायला सांगितला.

"तक्रार काय लिहू?"

"मला काय धाड भरलीय? मी सुनेबरोबर आलेय."